नदीसंवर्धनाचा कार्यक्रम घेताना या चुका टाळा

पुण्यात मुळा-मुठेच्या काठी स्वच्छता मोहीम ठरली, की फलक, टोप्या आणि पाहुण्यांची सोय आधी होते. कार्यक्रम ज्यांमुळे फसतो त्या गोष्टी मात्र शेवटच्या आठवड्यापर्यंत कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

पहिली चूक तारखेची. सप्टेंबरचा चौथा रविवार जागतिक नदी दिन म्हणून पाळला जातो, त्यामुळे अनेकांची पसंती त्याच दिवसाला असते. परंतु त्या सुमारास खडकवासला साखळीतील धरणे बहुधा भरलेली असतात आणि घाटमाथ्यावर जोराचा पाऊस झाला, तर शहरात ऊन असतानाही नदीत पाणी सोडले जाते. मुठेच्या पात्रातला कमी उंचीचा भिडे पूल पाण्याखाली जाणे पुणेकरांना नवे नाही. जुलै २०२४ मध्ये तर विसर्ग वाढल्यावर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांत पाणी शिरले होते. पात्रात उतरण्याचे काम म्हणूनच हिवाळ्यात किंवा उन्हाळ्यात ठेवावे. तारीख बदलणे अशक्य असेल, तर आदल्या संध्याकाळी व त्याच सकाळी पाटबंधारे विभागाकडे विसर्गाची चौकशी करावी आणि कार्यक्रम रद्द करण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे आधीच सोपवावा, कारण पाहुणे येऊन बसल्यावर तो निर्णय घ्यायला कोणी पुढे येत नाही.

सर्वांत मोठा घोळ गोळा केलेल्या कचऱ्याचा होतो. छायाचित्रे निघतात, मंडळी पांगतात आणि पोती काठावरच राहतात. मग मोकाट कुत्री ती फाडतात आणि उरलेले काम पुढचा पाऊस करतो. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयाला लेखी पत्र देऊन गाडीची वेळ पक्की करावी आणि ती गाडी भरून निघेपर्यंत चार-पाच जणांनी थांबावे. गाळात रुतलेल्या गोधड्या आणि साड्या ओल्या असताना दोघांनाही उचलत नाहीत, त्यामुळे फावडी, घमेली आणि दोर लागतातच. निर्माल्य गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशवीत सापडते. पिशवीची गाठ तिथेच उघडून फुले ओल्या कचऱ्यात टाकावीत. काचा आणि सुया वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. रबरी हातमोजे आणि बूट नसतील, तर मुलांना काठाच्या खाली उतरू देऊ नये. हे पाणी सांडपाणीच आहे असे समजून चालावे, आणि पायाला जखम असलेल्याने त्यात उतरूच नये.

जलपर्णी काढणे हा दिसायला सर्वांत समाधानकारक आणि एका दिवसापुरता सर्वांत कमी उपयोगाचा उद्योग आहे. सांडपाण्यातील नत्र आणि स्फुरद मिळत राहिले, की ती पुन्हा पसरते, आणि काढलेला ढीग काठावर सोडला तर तो कुजून परत पात्रातच जातो. त्याऐवजी प्रक्रिया न झालेले पाणी कोणत्या नाल्यातून येते, याची नोंद करणे अधिक मोलाचे. भुकूमकडून बावधन, पाषाणमार्गे मुळेला मिळणाऱ्या रामनदीसारख्या छोट्या प्रवाहावर हे काम एका सकाळीही बरेच पुढे जाते.

पाण्याची चाचणी दाखवायची असेल, तर नाल्याच्या मुखाच्या वर आणि खाली, वाहत्या पाण्यातून नमुने घ्यावेत. काठाच्या डबक्यातला एकच नमुना काहीही सिद्ध करत नाही. विरघळलेला प्राणवायू जागेवरच मोजता येतो. जैविक प्राणवायू मागणीचा, म्हणजे पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवताना जीवाणूंना किती प्राणवायू लागतो याचा, निकाल प्रयोगशाळेतून यायला काही दिवस लागतात, त्यामुळे तो समारोपात जाहीर करण्याचे आश्वासन देऊ नये. वृक्षारोपणाचा मोहही पात्रात आवरावा. पुराच्या वाटेत लावलेली रोपे पुरात टिकत नाहीत, आणि टिकली तर पाणी अडवतात.

काठावर राहणाऱ्यांना, मासेमारी करणाऱ्यांना आणि धोबीघाटावरच्या परीट बांधवांना केवळ श्रोते म्हणून बोलावणे ही चूक तर आहेच, शिवाय उद्धटपणाही आहे. पाणी कधी काळे पडते, रात्री कोणता टँकर येऊन रिकामा होतो, हे त्यांना आयोजकांपेक्षा चांगले ठाऊक असते. त्यांच्याशी बोलणे कार्यक्रमाच्या आधीच व्हावे.

प्रतिसाद कमी मिळाला, तर साफ करायच्या काठाची लांबी कमी करावी, वेळ वाढवू नये. कार्यक्रमानंतरच्या आठवड्यातच नाल्यांची ठिकाणे, वेळ आणि छायाचित्रे जोडून महापालिका व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ या दोघांनाही पत्र द्यावे आणि पोच घ्यावी. उत्तर आले नाही, तर त्याच पत्रावर काय कार्यवाही झाली, असे माहिती अधिकारात विचारावे. त्याचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक असते.