फेररचनेची तयारी: मंजुरी कोण देणार, हे आधी लिहून काढा

दोन विभाग एकत्र करून एक करायचं काम माझ्याकडे होतं. आठ महिने तयारी चालली होती. ऑर्ग चार्ट, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली याचा तक्ता, तयार होता, पत्रं तयार होती, कोणी कुठे बसायचं तेही ठरलं होतं. नवी रचना सुरू झाली त्या पहिल्या सोमवारी दुपारपर्यंत निम्मी कामं थांबली, कारण कुठल्या कागदाला कोणी मंजुरी द्यायची ते कुणालाच माहीत नव्हतं. मंजुऱ्यांची यादी मी केलीच नव्हती. आता तसंच काम पुन्हा हातात आलंय, म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतेय.

आधी कारण लिहा, एका वाक्यात. ‘स्पर्धेत टिकण्यासाठी’ हे कारण नाही, ते कुठल्याही कंपनीला चिकटवता येतं. कुठला ग्राहक जातोय, कुठला खर्च प्रतिस्पर्ध्यापेक्षा जास्त आहे, कुठल्या निर्णयाला किती दिवस लागतात, हे लिहा. कारण नीट लिहिलं की कधीकधी उपायच बदलतो. १९९३ मध्ये लू गर्स्टनर आयबीएम या संगणक कंपनीचे प्रमुख म्हणून आले तेव्हा कंपनीचे तुकडे करायची तयारी सुरू झालेली होती. मोठ्या ग्राहकांना सगळं एकाच ठिकाणाहून जोडून हवं होतं, म्हणून त्यांनी ते तुकडे थांबवले. तेव्हा तोडायचं की जोडायचं, हे चार्ट काढायच्या आधी ठरलेलं असू द्या.

हिशोब दोन्ही बाजूंनी मांडा. वाचणारा पगार सगळेच मांडतात. भरपाई, दोन संगणकप्रणाली काही महिने शेजारी शेजारी चालवायचा खर्च, आणि आपण ज्यांना ठेवणार होतो पण जे आपणहून निघून जातात त्यांच्या जागी करावी लागणारी भरती, हेही मांडा. वकील, कामगार कायदा, संघटनेशी बोलणी: अर्थातच.

चार्टच्या चौकटी भरताना आधी कामं लिहा, माणसं नंतर. उलटं केलं की माणसाला शोभेल असं पद तयार होतं आणि काम तसंच बेवारस राहतं.

आणि आता मंजुऱ्या. इथे घाई करू नका. एक तक्ता करा: कशाची मंजुरी, किती रकमेपर्यंत, आज कोण देतं, नवी रचना सुरू होईल त्या तारखेपासून कोण देणार, आणि तो माणूस रजेवर असेल तर कोण. शेवटचा रकाना रिकामा सोडू नका. खरेदी, ओव्हरटाइम, रजा, प्रवासखर्च, ग्राहकाला द्यायची सूट, क्रेडिट नोट (ग्राहकाच्या बिलातली रक्कम कमी केल्याचा कागद), परत आलेला माल, तपासणीनंतर माल बाहेर सोडायची परवानगी, नवी भरती. बँकेतल्या सह्या वेगळ्या धरा आणि लवकर हातात घ्या. त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव लागतो, आणि नव्या सह्या चढेपर्यंत बँक जुन्याच मानते.

हा तक्ता साहेबांच्या केबिनमध्ये बसून होत नाही. बिलं भरणाऱ्याला, स्टोअरवाल्याला, शिफ्टच्या सुपरवायझरला विचारा, ‘अडलं की तुम्ही फोन कुणाला करता?’ कागदावर एक नाव असतं आणि फोन दुसऱ्यालाच जातो. तो दुसरा माणूस फेररचनेत हलला की काम थांबतं, आणि का थांबलं ते चार्टवर दिसत नाही.

आमच्याकडे काय झालं ते सांगते. टेस्टिंगमधल्या एका सहकाऱ्याने वडिलांच्या ऑपरेशनसाठी रजा टाकली होती. चौथ्या दिवशी तो स्क्रीन दाखवायला माझ्याकडे आला. अर्जापुढे ‘प्रलंबित’ असं होतं, आणि खाली मंजुरी देणाऱ्याचं नाव होतं, जो दोन आठवड्यांपूर्वी कंपनी सोडून गेला होता. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी सकाळी होतं. ‘मॅडम, मी जाऊ की नको?’ त्याने एवढंच विचारलं. मी तोंडी हो म्हटलं, पण तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही. त्या आठवड्यात अशा अडकलेल्या अर्जांचा ढीगच होता. बदलाबद्दल आम्ही मोठ्या सभेत जे काही सांगितलं होतं, ते त्या स्क्रीनपुढे कुणालाही खरं वाटलं नाही. म्हणून पुन्हा सांगते, मंजुऱ्यांची यादी आधी करा.

घोषणा. सुपरवायझरना इतरांच्या आधी सांगा, निदान एक दिवस, आणि लोक जे विचारणार आहेत त्याची उत्तरं त्यांच्या हातात द्या. माणसं पहिला प्रश्न संचालकाला विचारत नाहीत, शेजारच्या साहेबाला विचारतात. वाईट बातमी पहिल्या परिच्छेदात लिहा. जुलै २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एका लांबलचक ईमेलमध्ये साडेबारा हजार नोकऱ्या जाणार असल्याचं वाक्य धोरणाच्या कित्येक परिच्छेदांनंतर आलं. ते ईमेल आजही कसं लिहू नये याचा दाखला म्हणून दाखवलं जातं. ‘आणखी कपात होणार नाही’ असं खात्री नसताना कधीही बोलू नका. एकदा खोटं ठरलं की पुढचं काहीही कुणी ऐकत नाही.

जाणाऱ्यांशी समोरासमोर बोला, त्यांच्या स्वतःच्या साहेबाने बोलावं. पैशांचा हिशोब तारखेसह लेखी द्या. आणि लॉगिन बंद करण्याआधी, कृपा करून, त्या नावावर कुठल्या मंजुऱ्या अडकल्या आहेत ते बघा. आयटीला सांगितलं की ते दहा मिनिटांत यादी काढून देतात. आम्ही विचारलंच नव्हतं.

राहिलेल्यांचं काय, हे बहुतेक यादीत नसतं. दहा जणांचं काम सात जणांवर आलं असेल तर त्यातलं कुठलं काम आजपासून बंद, ते नाव घेऊन सांगा. नुसतं ‘प्राधान्य ठरवा’ म्हणणं म्हणजे ओझं त्यांच्याच डोक्यावर ठेवणं.

पहिले तीन महिने. मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविनने १९४७ मध्येच लिहून ठेवलंय की जोर लावून वर नेलेला गट थोड्याच दिवसांत जुन्या पातळीवर परत येतो, म्हणून नवी पातळी घट्ट बसवणं हाही बदलाचाच भाग धरा. आमच्याकडे लोक जुन्या साहेबाकडेच जात राहिले, कारण तो उत्तर देत होता आणि नव्याला अधिकार आहे की नाही हे त्यालाच माहीत नव्हतं. हेही त्याच तक्त्याचं दुखणं. दर आठवड्याला एकदा बघा: किती अर्ज अडकलेत, कुणाकडे, किती दिवस.

बाकीचं पटकन. ग्राहकांना नवा संपर्क कळवा. पुरवठादारांनाही. ईमेल ग्रुप, दाराची कार्डं, पाट्या. मूल्यमापन वर्षाच्या मध्यात आलं तर जुन्या साहेबाचं मत लेखी घेऊन ठेवा. प्रशिक्षण.

नवी रचना सोमवारी सुरू होणार असेल तर आधीच्या शुक्रवारी दुपारी प्रत्येक विभागातून एक रजेचा, एक खरेदीचा आणि एक क्रेडिट नोटचा अर्ज नव्या रचनेत टाकून बघा. संध्याकाळपर्यंत सगळे मंजूर होऊन परत आले नाहीत, तर सोमवारची तारीख पुढे ढकला.