इंट्युबेशन अडतं कुठे? लॅरिंगोस्कोपीतल्या या चुका टाळा

इंट्युबेशन म्हणजे श्वास देण्यासाठी तोंडातून किंवा नाकातून श्वासनलिकेत ट्यूब टाकणं. त्यासाठी स्वरयंत्र बघायचं साधन, म्हणजे लॅरिंगोस्कोप, हातात आला की नव्या रेसिडेंटचं (शिकाऊ डॉक्टरचं) सगळं लक्ष त्याच्या ब्लेडकडे, म्हणजे जीभ सारणाऱ्या पात्याकडे. ट्यूब न जाण्याची कारणं मात्र बऱ्याचदा त्याआधीच तयार झालेली असतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पेशंटचं तोंड नीट न बघणं. आमच्या इंदुरात तर ही फार महागात पडते. मध्य प्रदेशात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण पेशंटच्या गालांना ते कुणी कळवलेलं दिसत नाही! सुपारी-गुटख्याने होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिस या आजाराने गाल आतून पांढुरके आणि ताठ होतात. माणूस मजेत बोलत असतो, त्यामुळे लक्षात येत नाही. त्याचीच तीन बोटं एकावर एक धरून दातांमध्ये मावतात का ते बघा. नाही मावली, तर ‘भूल दिल्यावर उघडेल’ या आशेवर राहू नका. हा ताठपणा स्नायूंचा नाही, स्नायू सैल करणाऱ्या औषधाने तो सुटत नाही. अशा वेळी जागेपणीच नाकातून फायबरऑप्टिक स्कोपवर (लवचीक दुर्बिणीवर) ट्यूब टाकायचा विचार आधी करावा. आणि हो, “काका, सुपारी-गुटखा काही?” असं मुलासमोर विचारलंत तर उत्तर “छे छे!” हेच येणार. मुलाला फाइल आणायला पाठवा, मग विचारा.

डोक्याखालची उशी विसरू नका. कानाचं भोक आणि छातीच्या हाडावरची खाच एका आडव्या रेषेत आली पाहिजे. जाड पेशंटला त्यासाठी खांद्यापाठीखाली चादरींची चळत लागते. (अपघातात मानेला मार असण्याची शंका असेल तर हे करायचं नाही, मदतनिसाने मान सरळ धरून ठेवायची.) मास्क घट्ट लावून ३ मिनिटं ऑक्सिजन द्या. मास्क सैल असेल तर बाजूने खोलीतली हवा शिरते आणि ती ३ मिनिटं फुकट जातात.

आता ब्लेड. मॅकिन्टॉशचं वाकडं ब्लेड १९४३ पासून वापरात आहे, तरी त्याचं टोक कुठे टेकवायचं यातच गडबड होते. डाव्या हाताने, तोंडाच्या उजव्या कोपऱ्यातून आत जा आणि जीभ डावीकडे सारा. घाईत ब्लेड एकदम खोल घातलं की नुसतं गुलाबी मांस दिसतं, ओळखीचं काहीच नाही. बहुधा तुम्ही अन्ननलिकेच्या तोंडाशी पोचलेले असता. तिथे शोधाशोध करू नका. ब्लेड हळूहळू मागे घ्या, एपिग्लॉटिस (स्वरयंत्रावरची झडप) आपणहून समोर पडेल. मग टोक जीभ आणि एपिग्लॉटिसमधल्या खळग्यात, म्हणजे व्हॅलेक्युलात, बसवा. तिथे नेमका दाब पडला की एपिग्लॉटिस वर उचललं जातं. जोर हँडलच्या दिशेने, वर आणि पुढे लावायचा. मनगट मोडून ब्लेड मागे झुकवलंत तर दिसायला फारसं काही वाढत नाही, वरचे दात तेवढे जातात. उजवा हात मोकळा आहे ना? त्याने गळ्यावरून स्वरयंत्र थोडं इकडेतिकडे हलवा. जिथे चांगलं दिसेल तिथे सिस्टरना धरायला सांगा.

व्हिडिओ लॅरिंगोस्कोप (टोकाला कॅमेरा असलेला) असला की ट्यूब तोंडात शिरताना सगळ्यांची नजर स्क्रीनवर. तेवढ्यात टाळूला भोक पडू शकतं. ट्यूब जिभेमागे जाईपर्यंत तोंडातच बघा. स्क्रीनवर कॉर्ड (स्वरतंतू) अगदी जवळ, भरगच्च दिसतायत आणि ट्यूब मात्र वळत नाही? ब्लेड थोडं मागे घ्या.

एकदा नाही जमलं, तर दुसऱ्यांदा तेच करू नका. उशी, ब्लेड, बूजी (ट्यूबला वाट दाखवणारी लवचीक कांडी), करणारा माणूस, काहीतरी बदला. दर प्रयत्नागणिक सूज आणि रक्त वाढतं, मग मास्कनेही श्वास देता येईनासा होतो. ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जास्तीत जास्त ३ प्रयत्न, तेही सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण) ९५ टक्के किंवा वर असेल तरच. सॅच्युरेशन घसरून मॉनिटरच्या बीपचा सूर उतरायला लागला की ब्लेड बाहेर, मास्क तोंडावर.

ट्यूब गेल्यावर स्टेथोस्कोपवर किंवा ट्यूबमधल्या वाफेवर भिस्त ठेवू नका, दोन्ही फसवतात. कॅप्नोग्राफवर (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या यंत्रावर) श्वासागणिक लाट हवी. हृदय बंद असतानाही सीपीआर (छाती दाबून रक्ताभिसरण चालू ठेवणं) नीट चालू असेल तर लहानशी का होईना, लाट येतेच. रेषा सपाट असेल तर ट्यूब चुकीच्या जागी आहे असंच धरा आणि काढा.

देवास-महूकडून ट्यूबसह पाठवलेल्या पेशंटच्या बाबतीतही हेच. स्ट्रेचर बदलताना मान वाकली की ट्यूब खोल सरकते, ताणली की वर येते. दातांपाशी बायकांना साधारण २१ आणि पुरुषांना २३ सेंटीमीटरची खूण असते. ती कॅज्युअल्टीत उतरवून घेतानाच वाचा आणि कॅप्नोग्राफ पुन्हा लावा.