दांडा कुठे लावायचा, हे आईच्या भिंतीनेच सांगितलं

नाशिकच्या सिडकोतल्या आमच्या घरात बाथरूमच्या चौकटीजवळ, जमिनीपासून सव्वातीन फुटांवर, तळहाताएवढा काळपट डाग पडायचा. दिवाळीला रंग दिला की जायचा आणि संक्रांतीपर्यंत परत उमटायचा. स्वयंपाकाचे तेलकट हात लागत असतील, असं मी धरून चालले होते. गेल्या जानेवारीत एका पहाटे आई नेमकी तिथेच घसरली. तिला एक्याऐंशीवं चालू होतं. हाड वाचलं, मनगट मुरगळलं. तेव्हा मला कळलं की कित्येक वर्षं ती त्या जागी हात टेकून आत उतरत होती, आणि आम्ही तिच्या आधारावर दरवर्षी रंग फासत होतो.

मी तीस वर्षं एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्रॉइंग काढली. मापं मला पाठ आहेत. पण आईच्या घराचं काम काढलं तेव्हा टेप हातात घेण्याआधी मी खडू घेतला. तुम्हीही सुरुवात तिथूनच करा, असं मी कळकळीने सांगते.

एक पूर्ण दिवस, पहाटे उठल्यापासून रात्री दिवा मालवेपर्यंत, आई-वडिलांच्या मागे राहा. जिथे हात टेकला जातो, जिथे थबकतात, जिथे स्टुलावर चढतात, तिथे खडूने खूण करा. त्या दिवशी त्यांना काही सुचवू नका. तुम्ही बघताय म्हटल्यावर माणूस ताठ चालतं, म्हणून मी निवडायला मेथी घेऊन बसले होते. अठरा खुणा झाल्या. त्यातल्या अकरा पलंगापासून बाथरूमपर्यंत आणि बाथरूमच्या आत होत्या. पैसे आधी कुठे घालायचे, हा प्रश्न तिथेच सुटला.

आमचं बाथरूम चार इंच खाली होतं. ते भरून घेतलं, जाळीकडे नवा उतार काढला आणि दारात जेमतेम अर्ध्या इंचाची, तिरकी घासलेली पट्टी ठेवली. १२ मिलिमीटरपर्यंतची अशी पट्टी पाय अडवत नाही आणि पाणीही बाहेर येऊ देत नाही. आमचा तळमजला आहे म्हणून हे सोपं गेलं. वरच्या मजल्यावर फ्लॅट असेल तर भरावाचं वजन आणि वॉटरप्रूफिंग यासाठी इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात घालू नका.

दार आत उघडणारं असेल तर आधी ते बदला. आत माणूस पडला की दाराला आडवा येतो आणि बाहेरच्यांना दार ढकलता येत नाही. आम्ही पल्ला बाहेर उघडणारा केला आणि बाहेरून नाण्याने फिरवता येईल अशी कडी बसवली. केंद्र सरकारच्या २०२१ च्या सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, म्हणजे जवळपास तीन फूट धरली आहे. आपल्याकडे बाथरूमला अडीच फुटी दार लावायची सवय आहे. मीही अशी शेकडो दारं कागदावर काढली, याचं आज वाईट वाटतं. चौकट आणि पल्ल्याची जाडी वजा केली की त्यातून वॉकर सरळ जात नाही. नवं घर बांधत असाल तर हे कमी पडणारे इंच आत्ताच द्या. नंतर भिंत फोडून मिळवायचे म्हणजे फार त्रास.

फरशी घेताना दुकानदाराला आर १० किंवा आर ११ अशी नोंद असलेली टाइल मागा. हा घसरणीच्या चाचणीचा आकडा आहे, जितका मोठा तितकी पकड जास्त. नुसतं ‘अँटीस्किड’ म्हटल्यावर विश्वास ठेवू नका. टाइलवर पाणी ओतून ओल्या पायाने घासून बघा. लहान टाइल घेतल्या तर सांधे जास्त येतात आणि पाय धरून राहतो. रंगही विचार करून निवडा. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होतं, तेव्हा पांढऱ्या फरशीवरचा पांढरा कमोड वेगळा दिसत नाही. आम्ही फरशी गडद राखाडी घेतली.

आता हाताने धरायचे आधाराचे दांडे. टॉवेलच्या दांडीला धरून कुणालाही उठू देऊ नका, ती माणसाच्या वजनासाठी नसते. दांडा स्टेनलेस स्टीलचा, सव्वा ते दीड इंच जाड, भिंतीपासून दीड इंच सुटा हवा. बोटं मागून नीट वळली पाहिजेत, पण कोपरापर्यंत हात आत अडकता कामा नये. पुस्तकातली उंची साधारण ३३ ते ३६ इंच असते. आमचा मिस्त्री म्हणाला, “आजी, तुम्ही टेका हात, मी तिथेच पेन्सिल लावतो.” मला ते फार आवडलं. आईची खूण बत्तीसवर आली, दांडा बत्तीसवरच लावला. कमोडच्या बाजूचा दांडा सीटच्या वर आठेक इंच आहे आणि सीट जमिनीपासून अठरा इंच. भिंत विटांची असेल तर चांगला अँकर फास्टनर पुरतो. हलक्या सिपोरेक्स ब्लॉकची असेल तर साधा फास्टनर सुटून येतो, तिथे केमिकल अँकर, म्हणजे भिंतीत रसायनाने चिकटवलेला बोल्टच लावा. मिस्त्री जाण्याआधी तुम्ही स्वतः दांड्याला पूर्ण वजनाने लोंबकळून बघा.

आंघोळ आई बादली-तांब्यानेच करते. शॉवरखाली तिचं मन भरत नाही. म्हणून पाठ असलेलं, रबरी पायांचं प्लास्टिकचं स्टूल आणलं आणि बादली एका घट्ट चौरंगावर ठेवली, वाकणं गेलं. नाशिकच्या थंडीत गिझर तापतो आणि खिडकी बंद होते. गिझर गॅसचा असेल तर तो बाथरूमच्या आत अजिबात ठेवू नका. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध पडतो. विजेच्या गिझरचं तापमान ५० अंशांच्या आत ठेवा आणि घराच्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की वीज तोडणारा स्विच, आहे ना, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

बाथरूमपर्यंतची वाट हेही तितकंच मोठं काम आहे. पलंगाची उंची अशी हवी की काठावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीवर पूर्ण टेकतील. आईचा पलंग उंच होता, पाय दीड इंच कापले. झोपेतून एकदम उठलं की रक्तदाब उतरतो आणि भोवळ येते, म्हणून ती मिनिटभर काठावर बसते. तेवढ्या वेळासाठी पलंगाच्या बाजूला भिंतीत एक हातधरणी आहे. वाटेत जमिनीलगत दोन सेन्सरचे दिवे लावले. पाय खाली येताच लागतात आणि डोळ्यांवर येत नाहीत. गोधडीची पायपुसणी मी उचलून टाकली. ती तिनेच शिवलेली होती, म्हणून पलंगावर अंथरायला दिली.

जिन्याबद्दल थोडक्यात. वरचा मजला १९९४ मध्ये आम्हीच चढवला आणि अंगणातून उभा जिना काढला. तो सुधारण्यासारखा नव्हता. आईचं सगळं खाली आणलं. वर जाणं टळत नसेल तर कठडा दोन्ही बाजूंना, शेवटच्या पायरीच्या फूटभर पुढे नेलेला, पायऱ्यांच्या कडा वेगळ्या रंगाच्या आणि दिव्याला खालून-वरून दोन्हीकडून चालणारा टू-वे स्विच, एवढं तरी कराच.

खरा वाद झाला तो मुख्य दाराच्या उंबऱ्यावरून. मी तो काढायला निघाले, तर आई म्हणाली, “उंबऱ्याला हळदकुंकू वाहते मी. तो काढलास तर घराचं दार कुठून सुरू होतं?” मी थांबले. दोन दिवसांनी मिस्त्रीने त्याच सागाचा उंबरा फरशीच्या पातळीत बसवला. हळदकुंकू चालू आहे आणि पायही अडखळत नाही. मात्र रांगोळी दाराच्या मधोमध नसून एका बाजूला, तुळशीपाशी. गुळगुळीत फरशीवर रांगोळीची पूड पाण्याइतकीच पाय घसरवते. अंगणातली सहा इंचांची पायरी काढून सहा फुटांचा उतार केला. एक इंच चढायला एक फूट लांबी, हा हिशेब सोडू नका. वर खडबडीत शहाबादी घातली, आणि पावसाळ्यात शेवाळ धरू नये म्हणून आठवड्याला खराट्याने घासतो.

स्वयंपाकघरात रोजचं सगळं कंबर ते खांदा या उंचीत आणलं आणि माळ्यावर फक्त वर्षातून एकदा लागणारं ठेवलं. देवघर तीस इंचांवर घेतलं, समोर हात असलेली खुर्ची.

एकटं राहायचं तर हाक पोचली पाहिजे. बिनतारी बेलचं बटण तिच्या गळ्यात आणि बेल शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये आहे. एक किल्लीही त्यांच्याकडेच. भिंतीवर मोठ्या अक्षरांत माझा नंबर, रुग्णवाहिकेचा १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीचा १४५६७ लिहिला आहे. ज्यांचं वय ६५ किंवा त्याहून जास्त आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत आहे, त्यांनी राज्याच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेची चौकशी करावी. काठी, वॉकर, कमोड खुर्ची अशा साधनांसाठी त्यात ३००० रुपये मिळतात.

खडूचा दिवस मी वर्षातून दोनदा करते. परवा देवघराच्या डाव्या भिंतीवर नवा पुसटसा डाग दिसला, खुर्चीतून उठताना हात पडतो तिथे. आम्ही तो पुसला नाही. मिस्त्री गुरुवारी येतोय.