जुना कॉम्प्युटर गावच्या शाळेला द्यायचाय? आधी शाळेला फोन करा

दिवाळीची आवराआवर निघाली की माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर खाली येतो आणि घरात कुणीतरी म्हणतं, 'कुठल्या तरी खेड्यातल्या शाळेला देऊन टाकू.' 'कुठल्या तरी' म्हटलं की घोळ झालाच समजा. एकच शाळा धरा, आपल्या गावची किंवा ओळखीचे गुरुजी असलेली जिल्हा परिषदेची. मुख्याध्यापकांना विचारा: वीज किती वेळ असते? बिल थकून मीटर तर काढून नेलेलं नाही ना? खोलीला कुलूप आहे का? मुलांना शिकवणार कोण? भारनियमनाच्या गावात डेस्कटॉप धूळ खातो; तिथे लॅपटॉपच द्या.

मग मशीन चालू करून बघा. ६४ बिट प्रोसेसर आणि निदान ४ जीबी रॅम नसेल, तर ते शाळेच्या माथी मारू नका, ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे द्या. जुनी हार्ड डिस्क काढून साधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) टाकली तर रखडणारं मशीनही पळायला लागतं. माझ्या मते पैसे घालायचे तर इथेच. दर वेळी चालू केल्यावर तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरी (सीआर२०३२) बदला. तारीख चुकली की वेबसाइट 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नाहीत, आणि शाळेत सगळे इंटरनेटला दोष देत बसतात.

डिस्क काढली तर ती आपल्याकडेच ठेवा. तीच द्यायची असेल, तर फाइली डिलीट करून भागत नाही; पुसण्याच्या सॉफ्टवेअरने अख्खी डिस्क पुसा. एसएसडीसाठी तिच्या कंपनीची 'सिक्युअर इरेज' ही पुसण्याची सोय वापरा. बायॉसचा, म्हणजे मशीन चालू होताना सगळ्यात आधी चालणाऱ्या प्रोग्रामचा, पासवर्डही काढा. मशीन ऑफिसचं असेल, तर हिशेब विभागाचं पत्र हवंच.

विंडोज १०चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला आणि बरीच जुनी मशीन विंडोज ११ला पात्र ठरत नाहीत. त्यामुळे विंडोजऐवजी लिनक्स मिंट या ऑपरेटिंग सिस्टिमची एक्सएफसीई आवृत्ती टाका. फुकट आहे, हलकी आहे. मराठी कीबोर्ड सुरू करून द्या. नेट नसलं तरी चालावं म्हणून किविक्स या नेटशिवाय वाचायच्या अ‍ॅपमध्ये मराठी विकिपीडिया आणि सोबत बालभारतीच्या पुस्तकांच्या पीडीएफ भरून ठेवा.

नेताना मॉनिटर चादरीत गुंडाळून उभाच ठेवा. शाळेत स्वतः जोडून द्या. कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या, तर अर्थिंग नीट नाही. वायरमनने ते दुरुस्त करेपर्यंत मुलांना बसवू नका. वस्तूंची यादी जोडून पत्र द्या, डेड स्टॉक रजिस्टरला (शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या वहीत) नोंद करून घ्या आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या कानावर घाला. नोंद नसेल तर गुरुजींची बदली झाल्यावर ते मशीन कुणाचंच राहत नाही. तालुक्याच्या दुरुस्तीवाल्याचा नंबर कॅबिनेटवर चिकटवा आणि दोन जादा माउस ठेवून या. सगळ्यात आधी तेच जातात.