क्रॉस-कंपायलर बांधताना लिंकर अडला? या चुका टाळा

वरुड-मोर्शीकडची संत्र्याची बाग असो की यवतमाळकडचं कपाशीचं वावर, ओलावा मोजून मोटर चालू-बंद करणारा छोटा एआरएम बोर्ड बसवायचा, तर त्याचा प्रोग्राम लॅपटॉपवर बांधून बोर्डावर न्यावा लागतो. असा दुसऱ्या प्रोसेसरसाठी प्रोग्राम बांधणारा तो क्रॉस-कंपायलर. तयार टूलचेन (कंपायलर, लिंकर वगैरे अवजारांचा संच) बोर्डावरच्या सी लायब्ररीशी जुळली नाही, की ती स्वतः बांधायची वेळ येते. बिनयुटिल्स (लिंकर वगैरे अवजारं) बिनबोभाट होतं, जीसीसी (खुद्द कंपायलर) सुरू होतं आणि मधेच लिंकर, म्हणजे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणारं अवजार, अडतो. मग गावाकडून फोन येतो: “दादा, कोड तं बरोबर हाय, तरी एररच येऊन रायली.”

कोड बरोबरच असतो. एखादी फाइल अजून बनलेलीच नाही, किंवा बनली आहे पण आपण भलत्याच जागी शोधतोय, एवढंच लिंकर बहुतेक वेळा सांगत असतो. त्यामुळे कोडमध्ये हात घालण्याआधी कोणता टप्पा चुकला ते बघा.

शेवटची ओळ धरून बसणं

‘कलेक्ट2: एरर: एलडी रिटर्न्ड 1 एक्झिट स्टेटस’ ही ओळ नेटवर शोधत बसू नका. लिंकर हरला, यापलीकडे तिच्यात काही नाही. कारण वर असतं, आणि ‘मेक -जे8’ने एकाच वेळी आठ कामं चालवली तर ते कितीतरी ओळी वर गाडलं जातं. ‘-जे1’ देऊन पुन्हा चालवा, सगळं आउटपुट एका फाइलमध्ये साठवा आणि पहिली एरर वाचा. ‘लिंक टेस्ट्स आर नॉट अलाउड आफ्टर जीसीसी_नो_एक्झिक्युटेबल्स’ असं दिसलं, तर खरी गोष्ट त्या लायब्ररीच्या बिल्ड फोल्डरमधल्या ‘कॉन्फिग.लॉग’मध्ये सापडते. बहुधा तिथेही एखादी फाइल न मिळाल्याचीच तक्रार असते.

टप्प्यांचा क्रम मोडणं

सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. क्रम असा: बिनयुटिल्स, लिनक्स कर्नलचे हेडर, पहिल्या टप्प्याचं जीसीसी, जीलिबसी (बोर्डासाठीची सी लायब्ररी), मग पूर्ण जीसीसी. ‘सीआरटी1.ओ’, ‘सीआरटीआय.ओ’ आणि ‘सीआरटीएन.ओ’ या फाइली जीलिबसी देतं, ‘सीआरटीबिगिन.ओ’ आणि ‘सीआरटीएंड.ओ’ जीसीसी देतं. एवढं पाठ असलं तरी अर्धं निदान होतं. ‘कॅनॉट फाइंड सीआरटी1.ओ’ किंवा ‘कॅनॉट फाइंड -एलसी’ म्हणजे जीलिबसी अजून बसलेलं नाही, नाहीतर सिसरूट (बोर्डासाठीचे हेडर आणि लायब्ऱ्या ठेवायचं फोल्डर) चुकलंय.

पहिल्या टप्प्यात फक्त सी भाषा ठेवा, ‘--विदाउट-हेडर्स’, ‘--डिसेबल-शेअर्ड’ आणि ‘--डिसेबल-थ्रेड्स’ द्या, आणि नुसतं ‘मेक’ न म्हणता ‘मेक ऑल-जीसीसी ऑल-टार्गेट-लिबजीसीसी’ म्हणा. नुसत्या ‘मेक’ने जीसीसी आपल्या इतर लायब्ऱ्याही बांधायला घेतं आणि त्यांना सी लायब्ररी लागते, जी अजून बनायचीच आहे. ‘-एलजीसीसी_एस’ सापडत नसेल, तर बहुधा पूर्ण जीसीसीची ती लायब्ररी अजून बसलेली नाही.

इथे एक उपाय कृपया करू नका: लॅपटॉपच्या ‘/यूएसआर/लिब’मधून ‘सीआरटी1.ओ’ उचलून आणणं. ती फाइल इंटेलची, बोर्ड एआरएमचा. मग ‘फाइल इन राँग फॉरमॅट’ येतं. लायब्ररी उचलली तर ‘स्किपिंग इनकंपॅटिबल’. कोणती फाइल कोणत्या प्रोसेसरची, हे ‘रीडएल्फ -एच’ लगेच सांगतं.

सिसरूटचा घोळ

बिनयुटिल्स आणि जीसीसी, दोन्हींना ‘--टार्गेट’, ‘--प्रिफिक्स’ आणि ‘--विथ-सिसरूट’ अक्षरशः सारखे द्या. जीलिबसीला मात्र ‘--प्रिफिक्स=/यूएसआर’ द्यायचं आणि इन्स्टॉल करताना ‘डेस्टडिर’मध्ये सिसरूटचा पत्ता. का? ‘लिबसी.एसओ’ ही बहुतेकदा साधी मजकुराची फाइल असते आणि तिच्यात खऱ्या लायब्ररीचा पत्ता लिहिलेला असतो. तिथे सिसरूटसकट पूर्ण पत्ता गेला, की लिंकर त्याच्यापुढे सिसरूट पुन्हा जोडतो आणि फाइल सापडत नाही.

तपासायला कंपायलरला ‘-प्रिंट-फाइल-नेम=सीआरटी1.ओ’ द्या. पूर्ण पत्ता छापला तर फाइल सापडली. नुसतं नाव परत आलं तर नाही. ही कमांड मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटते.

लाइन गेल्यावर तसंच पुढे जाणं

आपल्याकडे बिल्ड चालू असताना लाइन जाणं नवीन नाही, आणि जुन्या लॅपटॉपची बॅटरीही तग धरत नाही. अशा वेळी अर्ध्या किंवा शून्य बाइटच्या ‘.ओ’ फाइली मागे राहतात. ‘मेक’ फक्त वेळ बघतं, म्हणून ती फाइल त्याच्या लेखी तयार असते. मग लिंकर ‘फाइल ट्रंकेटेड’ म्हणतो. त्या टप्प्याचं बिल्ड फोल्डर पूर्ण काढून पुन्हा बांधा. म्हणूनच बिल्ड फोल्डर सोर्सपासून वेगळं हवं: सोर्सला धक्का लागत नाही, पुन्हा डाउनलोडचा डेटाही जळत नाही. ‘सिग्नल 9 किल्ड’ दिसलं तर बहुधा रॅम संपली. ‘-जे’ कमी करा, स्वॅप वाढवा.

‘एलडी_लायब्ररी_पाथ’ सेट असेल तर आधी काढा. ‘यूझेस व्हीएफपी रजिस्टर आर्ग्युमेंट्स’ आलं, तर हार्ड-फ्लोट आणि सॉफ्ट-फ्लोट (दशांश आकडे हाताळायच्या दोन पद्धती) यांची सरमिसळ झाली आहे. सगळे टप्पे एकाच ‘--विथ-फ्लोट’ने बांधा.

सगळं पार पडल्यावर एक छोटा प्रोग्राम बांधून ‘रीडएल्फ -एल’ चालवा. हार्ड-फ्लोट एआरएमसाठी इंटरप्रिटर (प्रोग्राम सुरू करून देणारी फाइल) ‘/लिब/एलडी-लिनक्स-आर्मएचएफ.एसओ.3’ दिसायला हवा. तीच फाइल बोर्डावर नसेल, तर प्रोग्राम डोळ्यांसमोर असूनही शेल ‘नो सच फाइल’ म्हणतो.