फ्लू उतरल्यावरची तयारी

ग्वाल्हेरात थंडी पडली की लष्कर भागातल्या घराघरांतून खोकला ऐकू येऊ लागतो. काढा, वाफारा, पॅरासिटामॉल एवढ्यात आपली तयारी संपते. माझ्या मते खरी तयारी ताप उतरल्यानंतरच्या दिवसांसाठी हवी. फ्लूचा विषाणू श्वासनलिकेचं आतलं अस्तर खराब करतो आणि एरवी नाका-घशात मुकाट राहणारे न्यूमोकोकस, स्टॅफिलोकोकससारखे जंतू फुप्फुसात उतरतात. 1918 च्या साथीतले बहुतेक मृत्यू अशाच न्यूमोनियाने झाले.

म्हणून आधी थर्मामीटर आणि वही. ताप तारखेनिशी लिहा. ‘मध्ये बरं वाटलं, मग पुन्हा चढला’ हे डॉक्टरांना नेमकं कळायला हवं, आणि घरातली चार माणसं चार वेगळे वार सांगतात. ताप परतला, कफ घट्ट-पिवळा झाला, श्वास घेताना छातीत दुखलं, तर वाट बघू नका. ऑक्सिमीटरचा सेल आजच तपासा. इथल्या थंडीत बोटं गार पडली की आकडा उगाच कमी दिसतो. हात चोळून पुन्हा लावा. तरीही 94 च्या खालीच राहिला, किंवा धाप लागली, तर निघायचं. लहानग्यांसाठी सेकंदकाट्याचं घड्याळ ठेवा: एक ते पाच वर्षांचं मूल शांत असताना मिनिटाला 40 किंवा जास्त श्वास घेत असेल तर दाखवाच. आजी-आजोबांना कधीकधी ताप येतच नाही. बोलण्यात गोंधळ, जेवणावरची वासना गेली, एवढंच दिसतं.

औषधांच्या डब्यात भर घालण्याआधी मागच्या वर्षीच्या अर्धवट अँटिबायोटिकच्या पट्ट्या काढून टाका. विषाणूवर त्या चालत नाहीत आणि न्यूमोनियाला अंदाजाने दोन गोळ्या पुरत नाहीत. मुलांना अ‍ॅस्पिरिन नको. फ्लूवरचं औषध ऑसेल्टामिविर पहिल्या 48 तासांत जास्त उपयोगी पडतं, तेव्हा फोन कोणत्या डॉक्टरांना करायचा हे आधीच ठरलेलं बरं.

फ्लूची लस दरवर्षी, थंडीच्या आधी. म्हातारी माणसं, मधुमेही, दमेकरी यांच्यासाठी न्यूमोकोकसच्या लशीचंही विचारा. बंद खोलीत शेगडी नको, कितीही गारठा असो.

एका पिशवीत आधार, चालू औषधांची यादी, शाल आणि ती वही. सत्तरी ओलांडलेल्यांचं आयुष्मान कार्ड काढलं नसेल तर आता काढा. रात्री धुक्यात जयारोग्य रुग्णालयापर्यंत गाडी कोण नेणार, तेही शेजारच्या काकांशी बोलून ठेवा.