मेंदू घडवणाऱ्या जीनची बातमी आली की ती घरबसल्या कशी तपासायची

"माणसाला माणूस बनवणारा जीन सापडला" अशी बातमी दर दोन-चार महिन्यांनी फिरत येतेच, आणि मग सेकंड पीयूची (म्हणजे बारावीची), बीएस्सीची पोरं विचारतात, हे खरं काय ओ? तर हे लिहितोय ते बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडच्या अशा पोरांसाठी आणि त्यांना शिकवणाऱ्यांसाठी. दहावीपर्यंत मराठीत शिकून पीयूला एकदम इंग्रजीत येऊन पडलेल्यांसाठी तर खास, कारण या विषयाला लागणारं जवळपास सगळं फुकट आहे आणि नेट असलं की बसल्या जागी उघडतंय. वाचायला मोबाईल पुरतो, पण डीएनएची अक्षरं बघायची असतील तर लॅपटॉप पाहिजे, नसेल तर कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर मागा, लाजू नका.

आधी थोडं बसवून घ्या. आपल्या जिनोममध्ये, म्हणजे पूर्ण डीएनएत, साधारण ३०० कोटी अक्षरं (ए, टी, जी, सी). २००५ साली चिंपांझीचा जिनोम छापून आला तेव्हा कळलं की आपल्यात आणि त्याच्यात एकेका अक्षराचे फरक साडेतीन कोटींच्या आसपास आहेत, शिवाय कुठे तुकडा जास्त कुठे कमी असे आणखी ५० लाख. यातले बहुतेक फरक काहीच करत नाहीत. आणि आपला मेंदू मात्र चिंपांझीच्या सुमारे तिप्पट. म्हणजे संशोधकांचं काम हेच, की या कोट्यवधींतले मेंदूला लागू पडणारे मोजके कुठले ते वेगळे काढायचे. त्यासाठी ते गर्भातल्या मेंदूच्या पूर्वपेशींकडे बघतात, या पेशी आधी स्वतःच्याच प्रती वाढवत राहतात आणि मग न्यूरॉन बनवायला लागतात, आणि ते वाढवणं जितकं जास्त वेळ चालेल तितके शेवटी न्यूरॉन जास्त. एवढं कळलं की अर्धे पेपर कळायला लागतात.

आता बातमी हातात आली की पहिलं काम मूळ पेपर शोधायचा. पबमेडवर (संशोधनाचे पेपर शोधायची फुकट वेबसाइट) जीनचं नाव आणि वर्ष टाका, बाजूला फ्री फुल टेक्स्टची टिक असते ती लावा, नाहीच मिळाला तर बायोआर्काइव्हवर प्रिप्रिंट, म्हणजे मासिकात छापायच्या आधीची प्रत, असतंय का बघा. पेपर सुरुवातीपासून ओळीने वाचू नका, त्यात लई दमायला होतं. ॲबस्ट्रॅक्ट, मग आकृत्या आणि आकृत्यांच्या खालचा मजकूर, मग शेवटची चर्चा. आणि वाचताना वहीत मराठीत लिहून काढा, अगदी दोन ओळी, "यांनी काय बदललं आणि काय मोजलं". हे जमलं नाही तर पेपर कळलेला नाही असं समजा आणि परत आकृतीकडे जा.

मग चार प्रश्न विचारायचे. बदल कसला आहे, तुलना कुणाशी आहे, तपासलं कशात, आणि जिवंत माणसांत त्याचा काही पुरावा आहे का.

एक उदाहरण पूर्ण घेऊ, एआरएचजीएपी११बी. (शोधताना इंग्रजीत सलग टाइप करा, मध्ये जागा नको.) हा जीन जर्मनीत ड्रेस्डेनच्या माक्स प्लांक संस्थेत वीलंट हुटनर आणि मार्टा फ्लोरिओ यांच्या गटाने २०१५ मध्ये पुढे आणला. बदल कसला? सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी एका जुन्या जीनची अर्धवट कॉपी झाली, आणि नंतर त्या कॉपीत एकच अक्षर सी चं जी झालं, त्यामुळे आरएनए (प्रोटीन बनवायला जीनवरून होणारी नक्कल) वेगळ्या ठिकाणी कापला जायला लागला आणि प्रोटीनचं शेपूट पूर्ण नवीन झालं. एक अक्षर फक्त! मला तर हे दरवेळी शिकवताना थांबून परत सांगावंसं वाटतं. तुलना कुणाशी? चिंपांझीत हा जीन नाही, पण निअँडरथलमध्ये (नामशेष झालेली जुनी माणसं) होता, म्हणजे "आपण निअँडरथलपेक्षा वेगळे का" याचं उत्तर यात शोधायचंच नाही. तपासलं कशात? आधी उंदराच्या गर्भात, उंदराचा मेंदू मुळात गुळगुळीत असतो पण हा जीन घातल्यावर पूर्वपेशी वाढल्या आणि काही गर्भांत घड्या दिसल्या. मग २०२० मध्ये जपानमधल्या गटासोबत मार्मोसेट नावाच्या छोट्या माकडात, तिथेही मेंदूचा बाहेरचा थर मोठा झाला. पण ते गर्भ जन्माला येऊ दिले नाहीत, शंभर दिवसांच्या आसपासच काढून तपासले, आणि हा निर्णय नैतिक कारणांसाठी मुद्दाम घेतला होता. म्हणून "माकड हुशार झालं" असं कुठे वाचलं तर ती ओळ बातमीदाराची, पेपरमधली नाही.

चौथ्या प्रश्नासाठी नॉच२एनएल हा जीनांचा गट चांगला. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाचा डेव्हिड हाउसलर यांचा गट आणि ब्रुसेल्सचा पिएर वांडरहागेन यांचा गट, दोघांनी वेगवेगळं काम करून एकाच वेळी छापलं. हे जीन एक नंबरच्या क्रोमोसोमच्या ज्या भागात आहेत तो तुकडा काही माणसांत गळालेला असतो तर काहींत जास्तीचा असतो, गळाला तर डोकं लहान राहण्याकडे कल, जास्त असला तर मोठं. दोन स्वतंत्र गट आणि वर पेशंटचा पुरावा, असं एकत्र आलं की माझा विश्वास बसतो.

उलट बाजूसाठी फॉक्सपी२ बघा. २००१ मध्ये लंडनच्या एका कुटुंबामुळे हा जीन सापडला, बोलण्यात अडचण तीन पिढ्यांत चालत आलेली. २००२ मध्ये सांगितलं की माणसात यात दोन बदल आहेत आणि ते नैसर्गिक निवडीत अलीकडेच निवडले गेले, मग काय, "भाषेचा जीन" म्हणून जगभर गाजला. २००७ मध्ये तेच दोन बदल निअँडरथलमध्ये निघाले, आणि २०१८ मध्ये जास्त लोकांचे जिनोम घेऊन बघितलं तर अलीकडच्या निवडीचा तो पुरावा टिकलाच नाही. जीन बोलण्यासाठी महत्त्वाचा आहे हे खरंच राहिलं, त्याभोवतीची गोष्ट बदलली. म्हणून गुगल स्कॉलरवर पेपरखाली त्याचा उल्लेख करणाऱ्या पेपरांची लिंक असते तिच्यावर क्लिक केल्याशिवाय उठायचं नाही. टीकेटीएल१ या जीनचंही तसंच, २०२२ ला सायन्समध्ये आलं की निअँडरथल आणि आपल्यात एका अमिनो ॲसिडचा (प्रोटीनच्या साखळीतल्या एका कडीचा) फरक आणि त्यामुळे आपले न्यूरॉन जास्त, पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने त्याच मासिकात दाखवलं की आजच्या काही माणसांतही जुनं रूप आहेच. असलं काही तपासायला नोमॅड (इंग्रजीत gnomAD) नावाचा डेटाबेस आहे, जीन टाकला की कुठलं रूप किती लोकांत आहे ते दाखवतो.

आता स्वतःच्या डोळ्यांनी अक्षरं बघायची, हा भाग सोडू नका. यूसीएससी जिनोम ब्राउझर ही वेबसाइट उघडा, माणसाचा एचजी३८ जिनोम निवडा, वर चौकटीत एचएआर१ए टाका. कॅथरीन पोलार्ड यांनी २००६ मध्ये ही जागा दाखवली, ११८ अक्षरांचा तुकडा, चिंपांझी आणि कोंबडी यांच्यात इतक्या काळानंतरही फक्त २ अक्षरांचा फरक, आणि चिंपांझी आणि माणूस यांच्यात १८. खाली कन्झर्वेशनचा ट्रॅक, म्हणजे इतर प्राण्यांची अक्षरं ओळीने दाखवणारी पट्टी, असतो, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन चिंपांझी, उंदीर, कोंबडी यांना टिक लावा (चिंपांझीची टिक बहुतेक नसते, म्हणून पोरांना तो दिसतच नाही), आणि माणसासारखीच असलेली अक्षरं टिंब म्हणून दाखवायचा पर्याय तिथेच असतो, तोही लावा. मग जिथे कोंबडीची ओळ भरलेली दिसते तिथे झूम करत जा, अक्षरं दिसेपर्यंत. सगळीकडे टिंबं आणि मध्येच एका उभ्या ओळीत चिंपांझी, उंदीर, कोंबडी सगळ्यांचं अक्षर एकच, फक्त आपलं वेगळं. हे बघितलं की उत्क्रांती पुस्तकातली राहत नाही बघा.

पण तिथेच थांबू नका. ते अठराही बदल ए किंवा टी जाऊन जी किंवा सी आलेले आहेत. डीएनएची अदलाबदल आणि दुरुस्ती होताना जी-सी कडे झुकणारी एक प्रक्रिया असते, आणि ती फायदा-तोटा न बघता अक्षरं बदलू शकते. म्हणजे बदल भराभर झाले एवढ्यावरून ते कामाचेच होते असं म्हणता येत नाही. या जागेचा आरएनए ७ ते १९ आठवड्यांच्या गर्भाच्या मेंदूत तयार होतो हे माहीत आहे, पुढचं काम चालू आहे.

गर्भाचा मेंदू प्रत्यक्ष कसा दिसतो ते बघायचं असेल तर आयआयटी मद्रासचं धरणी हे ऑनलाइन चित्रसंग्रह बघा, डिसेंबर २०२४ मध्ये खुलं केलं, मेंदूचे ५,१३२ काप, पेशी दिसेपर्यंत झूम होतं, फुकट. आपल्या देशात झालेलं काम आहे, आणि वर्गात पडद्यावर लावलं तर पोरं हलत नाहीत.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हे सगळं ज्यांच्यामुळे कळलं त्यात मोठा वाटा जन्मतः डोकं खूप लहान असलेल्या मुलांच्या कुटुंबांचा आहे, मायक्रोसेफली म्हणतात. एएसपीएम हा जीन २००२ मध्ये अशाच कुटुंबांतून सापडला. आणि २०१३ मध्ये व्हिएन्नात पहिले मेंदूचे ऑर्गनॉइड, म्हणजे पेशींपासून वाढवलेले वाटाण्याएवढे गोळे, त्यातलेही काही अशाच एका पेशंटच्या पेशींपासून केले. आपल्या भागात मामा-भाची, आत्ते-मामे भावंडांत लग्नं होतात, आणि अशा वेळी दोघांकडे एकच बिघडलेली प्रत असण्याची शक्यता वाढते, दोघांकडे असली तर प्रत्येक बाळंतपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के. यात आईचा दोष नाही, ग्रहणाचा नाही, कुणाच्या नजरेचा नाही. लहान डोक्याची इतरही कारणं असतात, गर्भारपणातला संसर्ग वगैरे, म्हणून मोबाईलवर जीन शोधून निदान करू नका, मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये जाऊन जेनेटिक कौन्सेलिंग मिळेल का असं थेट विचारा, पुढच्या बाळाआधी विचारा.

याच एएसपीएमवरून २००५ मध्ये काही मानवसमूहांत मेंदूची उत्क्रांती अजून चालू आहे असा दावा आला होता, आणि त्याचा अर्थ लोकांनी लगेच "अमके हुशार, तमके कमी" असा लावला. २००७ मध्ये त्याच संशोधकांनी इतरांसोबत तपासलं तर बुद्धिमत्तेशी संबंध निघाला नाही. जात, भाषा, प्रांत यावरून असलं काही फॉरवर्ड आलं तर ही दोन वर्षं त्यांना सांगा.

ज्यांना यातच जायचं आहे त्यांनी डॉक्टरकीची सीट हुकली म्हणून सगळं संपलं असं धरू नका. बीएस्सी झूलॉजी, बायोटेक, जेनेटिक्स काहीही चालतं, पण सोबत स्टॅटिस्टिक्स आणि पायथन शिका, कारण आज निम्मं काम कॉम्प्युटरवर आहे. मास्टर्सला आयआयटी जॅम, गॅट-बी, आणि टीआयएफआरची जीबिल्स (JGEEBILS) परीक्षा, हिच्यातून मुंबईचं टीआयएफआर आणि बेंगळूरचं एनसीबीएस या दोन्ही संशोधन संस्थांकडे दार उघडतं. बेंगळूर तर आपल्याला एका रात्रीच्या रेल्वेवर. टीआयएफआरमध्ये शुभा तोळे यांची लॅब गर्भातला मेंदूचा बाहेरचा थर कसा घडतो यावरच काम करते, २०१४ चं इन्फोसिस प्राइझ त्यांना मिळालं. शिकत असतानाच तीन विज्ञान अकादमींची समर फेलोशिप भरा, तिला डिग्रीची पोरंही चालतात.

आणि संशोधकाला मेल लिहिताना "आदरणीय सर मला लहानपणापासून विज्ञानाची आवड" हे नको. पाच-सहा ओळी पुरे, तुमच्या अमुक पेपरची तिसरी आकृती वाचली, त्यात हे कळलं, हे कळलं नाही, मी अमुक वर्षाला आहे, उन्हाळ्यात काम करायची इच्छा आहे. इंग्रजी साधं असलं तरी चालतं, प्रश्न मात्र खरा पाहिजे. दोन आठवडे वाट बघा, एकदा आठवण करा, उत्तर नाहीच आलं तर पुढच्या लॅबचा पेपर काढून वाचायला घ्या.